साउथ डाउन्सची गोल वाट: या चुका टाळा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या वाटेबद्दल दर उन्हाळ्यात मला तेच प्रश्न येतात, आणि उत्तरं वाचूनही लोक त्याच चुका करून येतात. वाट तशी सोपी आहे. अल्फ्रिस्टन गावातून निघायचं, पूल ओलांडून कक्मीअर नदीच्या पूर्वेकडून लिटलिंग्टनमार्गे एक्सीटला यायचं, मग सेव्हन सिस्टर्सचे पांढरे कडे, बर्लिंग गॅप, बीची हेड आणि ईस्टबोर्न. परतीला आतल्या बाजूने जेव्हिंग्टन आणि विंडोव्हर हिल करत पुन्हा अल्फ्रिस्टन. विंचेस्टरहून येणाऱ्या, 'साउथ डाउन्स वे' नावाच्या १६० किलोमीटरच्या पायवाटेला शेवटी दोन फाटे फुटतात. ते दोन्ही जोडले की साधारण ३० किलोमीटरची ही फेरी होते.

उंची बघून हसणं

ही खास आपल्या लोकांची चूक. विंडोव्हर हिल २१४ मीटर, बीची हेड १६२ मीटर, आणि सिस्टर्समधली सगळ्यात उंच हेवन ब्राऊ जेमतेम ७७ मीटर. राजगड-तोरणा करून आलेल्या माणसाला हे आकडे ऐकून हसू येतं. येऊ दे, पण ३० किलोमीटर चालून झाल्यावर बोलू.

आमच्याबरोबर एकदा एक गडी आला होता. कात्रज-सिंहगड रात्रीत केलेला, तब्येत दणदणीत. 'हे काय, टेकाडंच की' म्हणत पहिल्या तीन बहिणींवर तो अक्षरशः पळाला. नाव सात बहिणींचं असलं तरी चालणाऱ्याला माथे आठ लागतात, आणि प्रत्येक माथ्यानंतर कमावलेली सगळी उंची खाली सोडून द्यावी लागते. आपल्या किल्ल्यावर एकदाच चढतो आणि एकदाच उतरतो. इथे दिवसभर तेच चालू असतं. बर्लिंग गॅपला हा माणूस चहा घेऊन बसला तो उठेचना. गुडघे चोळत विचारतो, 'आता संपत आलं ना?' निम्मंसुद्धा झालेलं नव्हतं. ईस्टबोर्नला त्याने निमूटपणे स्टेशनची वाट धरली.

म्हणून माझा एक नियम आहे. सकाळी आठला अल्फ्रिस्टन सोडायचं आणि दुपारी दीडपर्यंत ईस्टबोर्न गाठलं नाही तर परतीचा फाटा रद्द. ट्रेनने बर्विक गाठावं, तिथून अल्फ्रिस्टन तासाभराच्या चालीवर आहे. 'चल रे, होईल' म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा तर हा बेत आखूच नका.

फेरी उलटी करायचा शहाणपणाही नको. वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. पश्चिमेकडून पूर्वेला गेलात तर कड्यांवर तो पाठीशी राहतो.

नदी 'इथूनच' ओलांडणं

कॅलेंडरवरचा तो प्रसिद्ध फोटो, पुढे तटरक्षकांची जुनी घरं आणि मागे पांढरे कडे, नदीच्या पश्चिम तीरावरून दिसतो. तेवढ्यासाठी लोक फेरी सोडून सीफर्डकडून येतात. फोटो झाला की समोरच्या काठाकडे बघून म्हणतात, एवढंसं तर पाणी आहे. पूल एक्सीटला आहे, दोनेक किलोमीटर आत. म्हणजे तेवढंच जायचं आणि तेवढंच पलीकडून परत यायचं. नेमकं हेच जिवावर येतं.

एकदा ओहोटीच्या वेळी एका ग्रुपमधला तरुण बूट हातात घेऊन उतरला. काठावरून आम्ही दोघांनी ओरडून सांगितलं, एका कुत्रेवाल्या आजोबांनी सांगितलं, पण साहेब ऐकायला तयार नाहीत. चार पावलांत गुडघ्यापर्यंत चिखल. पुढे मधल्या धारेने पाय ओढला, तोल सावरताना हातातला एक बूट सुटला आणि आमच्या डोळ्यांदेखत समुद्राकडे निघाला. सुदैवाने माणूस मागे फिरला. मग एका पायात बूट, दुसऱ्या पायावर मोजा आणि त्यावर बांधलेली सुपरमार्केटची पिशवी, अशा थाटात तो एक्सीटपर्यंत गेला. वाचलेला वेळ शून्य.

समुद्राच्या बाजूने कड्यांच्या पायथ्याने बर्लिंग गॅपला जाणारेही असतात. भरती आली की मध्ये वर चढायला वाट नाही. त्यावर आणखी काय लिहायचं?

कड्याच्या टोकावर सेल्फी

कुंपण नाही याचा अर्थ धोका नाही असा लोक का घेतात, कळत नाही. हा खडूचा दगड, सुमारे साडेआठ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावरचा. आपल्या सह्याद्रीचा कातळ त्याहून नंतरचा, पण कितीतरी टणक. इथे लाटा खालून दगड पोखरतात आणि वरची हिरवळ कधीकधी नुसती हवेवर लटकत असते. वरून ते कळत नाही. बीची हेडच्या अलीकडचं बेल टाउट दीपगृह बघा. कडा जवळ आला म्हणून १९९९ मध्ये ते अख्खं उचलून १७ मीटर आत सरकवलं. मी टोकापासून दहा पावलं आत चालतो, फोटोसाठीसुद्धा.

बाकीच्या

पाणी. गडावर टाकं सापडेल ही सवय इथे सोडा. खडूच्या दगडात पाऊस मुरून जातो, माथ्यावर झरा नसतो. मी दोन लिटर घेऊन निघतो, बर्लिंग गॅप आणि ईस्टबोर्नला भरून घेतो.

बूट. कोरड्या दिवशी काहीही चालतं. पावसानंतर मात्र हा दगड साबण लावलेल्या मोरीसारखा होतो, आणि विंडोव्हरवरून अल्फ्रिस्टनला उतरणारी पांढरी वाट नेमकी शेवटी, पाय थकल्यावर येते. झिजलेले रनिंग शूज घरी ठेवा.

खुणा. दोन्ही फाट्यांवर एकॉर्नचीच, म्हणजे ओकच्या फळाची खूण आणि दोन्हीकडे 'साउथ डाउन्स वे'च लिहिलेलं. अल्फ्रिस्टनहून सकाळी चढ लागला तर तुम्ही आतल्या फाट्यावर आहात.

लाँग मॅन. डोंगरउतारावरची ही ७२ मीटर उंचीची माणसाची आकृती विंडोव्हरच्या माथ्यावरून नीट दिसतच नाही, कारण वाट त्याच्या डोक्यावरून जाते. 'कुठेय तो?' म्हणत तिथे घुटमळणारे नेहमी भेटतात. बघायचा असेल तर उत्तरेला विल्मिंग्टनच्या बाजूला उतरा, वेगळा तासभर धरा. आणि कुणी त्याला लोहयुगातला म्हटलं तर मान डोलावू नका. २००३ मधल्या तपासणीनुसार तो सोळाव्या-सतराव्या शतकातला असावा, आणि आज दिसणारी रेघ १९६९ मध्ये बसवलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची आहे.

अल्फ्रिस्टनचं क्लर्जी हाउस हे जुनं घर, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने १८९६ मध्ये अवघ्या १० पौंडांना घेतलेली आपली पहिली इमारत, लोक फेरी संपल्यावर बघू म्हणतात आणि बंद दारासमोर उभे राहतात. उघडण्याचे वार आणि वेळा आधी बघा. बघायचंच असेल तर मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी जा.