उबंटूवर मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट टाकताय? या चुका टाळा

"भाऊ, ओके दबूनच नाही राह्यला!" नागपुरातल्या बर्डीवरच्या एका टायपिंगच्या दुकानातून मे महिन्यात फोन आला. पोरगा उबंटूवर, म्हणजे लिनक्सच्या एका ऑपरेटिंग सिस्टमवर, मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट टाकत होता. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, लायसन्सचा पडदा आला आणि हा त्यावर माऊसनं क्लिक करत बसला. वैतागून त्यानं मशीनच बंद केलं. मग एप्ट (सॉफ्टवेअर टाकणारा प्रोग्राम) अडून बसलं, तर नेटवर वाचून त्यानं लॉकच्या फायली उडवल्या; एका वेळी एकच इन्स्टॉल चालावं म्हणून त्या असतात. मी भरउन्हात पोचलो तेव्हा गिऱ्हाईक भांडत होतं: जॉर्जिया फॉन्टमधला एका पानाचा बायोडेटा, तो फॉन्टच नसल्यानं, दोन पानांवर छापला गेला होता.

त्या पडद्यावर माऊस चालत नाही. टॅब दाबा, ओके उजळलं की एंटर. पुढच्या प्रश्नाला टॅबनंच येसवर जा. घाईत नुसतं एंटर मारलं की नकार नोंदला जातो आणि फॉन्ट येत नाहीत. मग फॉन्टचं पॅकेज पर्ज करून (सेटिंगसकट काढून) पुन्हा टाका. मधेच बंद पडलंच, तर डीपीकेजीची (एप्टच्या खाली पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामची) कोणती कमांड चालवायची ते एप्ट स्वतःच लिहून दाखवतं. तीच चालवा. लॉकला हात लावू नका.

दुसरी चूक मला जास्त खटकते. एप्टच्या कमांडला मायनस वाय (-y, म्हणजे आपोआप हो) जोडलं की सगळ्याला होकार झाला, असं नवशिके धरून चालतात. तो होकार एप्टच्या प्रश्नाला असतो. लायसन्स विचारतं डेबकॉन्फ, म्हणजे पॅकेज बसताना प्रश्न विचारणारा वेगळा प्रोग्राम. ते नॉनइंटरॅक्टिव्ह, म्हणजे काहीच न विचारणारं, ठेवलं तर लायसन्स दाखवताच येत नाही आणि फॉन्ट येत नाहीत. डेबकॉन्फमध्ये होकार आधीच भरून ठेवता येतो, पण दुसऱ्याच्या मशीनवर मी ते करत नाही. करार मालकाचा आहे, त्यानं तो बघायलाच हवा. पाच मिनिटं जातात, जाऊ द्या. उबंटू हे फॉन्ट स्वतः देत नाही, सोर्सफोर्ज या साइटवरून मूळ फायली उतरवतं. म्हणून तर हा पडदा येतो.

नेट बंद असताना टाकू नका.

एरियल आणि टाइम्स बघून "फॉन्ट आले" म्हणू नका. त्यांच्या जागी बसणारे लिबरेशन फॉन्ट तेवढ्याच रुंदीचे असतात, पान हलत नाही. मी एफसी-मॅच या कमांडला जॉर्जिया विचारतो; त्या नावाला मशीन खरं कोणता फॉन्ट वापरेल ते ती सांगते. उत्तरात दुसरं नाव आलं, तर फॉन्ट आलेला नाही.