‘मॅकबेथ’मधली जादू अभ्यासायला घेताना

एम.ए.ला किंवा नाट्यशास्त्राच्या वर्गात ‘मॅकबेथ’ लागलं की बरेच जण आधी ‘शेक्सपिअर आणि अंधश्रद्धा’ छापाच्या नोट्स शोधतात. तिथून सुरुवात केली की पुढचं वाचन त्याच साच्यात अडकतं. आधी संहिता घ्या. शेक्सपिअरच्या शोकांतिकांमधलं हे सगळ्यांत छोटं नाटक आहे, साधारण २१०० ओळींचं. एका सुट्टीच्या दिवसात वाचून होतं.

वाचताना वहीत चार रकाने आखा: अलौकिक काय घडलं, कोणाला दिसलं, शेजारी उभ्या असलेल्याला दिसलं का, आणि रंगसूचना काय म्हणते. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात तिघी चेटकिणी मॅकबेथ आणि त्याच्याबरोबरचा सेनापती बँको या दोघांनाही दिसतात, तेव्हा त्याला भास म्हणता येत नाही. दुसऱ्या अंकातला हवेतला खंजीर एकट्या मॅकबेथला दिसतो. त्याला रंगसूचनाच नाही, आणि हा खंजीर मनाचाच खेळ असेल अशी शंका तो स्वतःच घेतो. मॅकबेथने मारवलेल्या बँकोचं मेजवानीतलं भूत लेडी मॅकबेथसकट एकाही पाहुण्याला दिसत नाही. पण १६२३च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित छापील आवृत्तीत, भूत येऊन मॅकबेथच्या जागेवर बसतं अशी सरळ सूचना आहे. सायमन फोरमन या ज्योतिषाने १६११ साली लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात हे नाटक पाहून टिपण लिहिलं, त्यातही भूत खुर्चीत बसल्याचं आहे. म्हणजे त्या काळी तिथे नट बसत होता. रिकाम्या खुर्चीकडे बघून अभिनय करणं हा नंतरच्या दिग्दर्शकांचा निर्णय. तो घ्यायला हरकत नाही, फक्त ‘मूळ नाटकात असंच आहे’ असं लिहू नका. चौथ्या अंकात तिघी नाहीशा होतात तेव्हा लेनॉक्स हा सरदार बाहेरच असतो; त्याच्या जवळून कोणीच गेलेलं नसतं. रकाने भरत गेलात की सुरुवातीला दोघांनी पाहिलेलं हळूहळू एकट्याचं कसं होतं, ते आपोआप दिसतं.

आता भाकितं मोजा. तिघी मॅकबेथला तीन पदव्यांनी हाक मारतात. ग्लॅमिसचा तो सरदार आहेच. कॉडरची सरदारकी राजा डंकनने आदल्याच प्रवेशात त्याला देऊन टाकली आहे, प्रेक्षकांना ते ठाऊक आहे. उरलं एक: राजा होशील. त्यात खुनाचा शब्दही नाही. ‘चेटकिणींनी त्याच्याकडून खून करवला’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत सर्रास असतं, आणि त्याला संहितेत आधार नाही. त्यांच्या ताकदीची हद्दही त्याच प्रवेशात आखलेली आहे. खलाशाच्या बायकोने चेस्टनट दिले नाहीत म्हणून पहिली चेटकीण त्याला नऊ गुणिले नऊ, म्हणजे ८१ आठवडे छळणार आहे. पण त्याचं जहाज बुडवणं तिच्या हातात नाही, फक्त वादळात हेलकावे द्यायचे.

ती चाळणीत बसून समुद्रात जाते, ही कल्पनाही हवेतून आलेली नाही. १५९०-९१ मध्ये स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकच्या खटल्यांत, राजा सहावा जेम्स याच्या जहाजावर वादळ आणल्याचा आणि चाळणीतून समुद्रप्रवास केल्याचा आरोप होता. हाच जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडचा राजा झाला, १६०४ मध्ये चेटूकविरोधी कायदा कडक झाला, आणि १६०६च्या आसपास हे नाटक आलं.

नावाचं प्रकरण नीट समजून घ्या, भाषांतर करणाऱ्यांनी तर नक्कीच. रंगसूचनांत ‘विच’ आहे, पण संवादात तिघींपैकी एकीला कोणी तसं म्हटल्याचा प्रसंग एकच, तोही त्या खलाशाच्या बायकोच्या तोंडी. एरवी त्या ‘वीअर्ड सिस्टर्स’. ‘वीअर्ड’च्या मुळाशी जुन्या इंग्रजीतला ‘विर्ड’ आहे, म्हणजे नियती. शेक्सपिअरने जिथून कथा घेतली त्या होलिनशेडच्या बखरीतही त्यांना नियतीच्या देवता किंवा पऱ्या म्हटलं आहे. मराठीत ‘चेटकीण’ म्हटलं की करणी-भानामती डोळ्यांपुढे येते. ‘वीअर्ड’ मात्र पाचवी-सहावीच्या रात्री बाळाच्या कपाळावर लेख लिहिणाऱ्या सटवाईच्या जास्त जवळ आहे. दोन्ही अर्थ एका शब्दात बसत नाहीत. रंगसूचनेत एक आणि मॅकबेथच्या तोंडी दुसरा, असं करून पाहा.

चौथ्या अंकात मॅकबेथला मिळणारी दोन आश्वासनं, म्हणजे बर्नमचं रान चालून येईपर्यंत पराभव नाही आणि ‘बाईने जन्म दिलेल्याकडून मरण नाही’, आपल्याला शिकवावी लागत नाहीत. हिरण्यकशिपूचा वर ऐकलेल्याला वरातली फट कुठे असणार ते कळतं. तुलना जरूर करा, पण एक फरक नोंदवा: हिरण्यकशिपूने वर मागून घेतला होता, इथे न मागता आश्वासन मिळतं.

चौथ्या अंकात चेटकिणी कढईत जे शिजवतात, त्या जिनसांबद्दल इंटरनेटवर एक दावा फिरतो, की ‘न्यूटचा (पालीसारख्या पाणप्राण्याचा) डोळा’ म्हणजे मोहरी, बाकीचीही झाडपाल्याची गुप्त नावं. त्या काळचा पुरावा कोणी देत नाही. यादीत ३१ दिवस थंड दगडाखाली विष घामावाटे टाकणारा बेडूक आहे, ग्रहणात तोडलेल्या यू झाडाच्या फांद्या आहेत, आणि ज्यू, तुर्क, तातार यांचे अवयवही आहेत. मोहरी म्हणून हे शेवटचं झाकता येत नाही. त्याबद्दल लिहावंच लागेल. चेटकिणींची देवता हेकटी हिचा भाग मात्र (तिसऱ्या अंकाचा पाचवा प्रवेश आणि कढईच्या प्रवेशातला तुकडा) बहुतेक अभ्यासक त्याच काळातला नाटककार थॉमस मिडलटन याचा मानतात. तिथल्या गाण्यांच्या फोलिओत फक्त पहिल्या ओळी आहेत, पूर्ण गाणी मिडलटनच्या नाटकात सापडतात. वेळ कमी असेल तर प्रयोगात हे कापा.

सगळ्यांत जास्त सुटणारी जागा म्हणजे चौथ्या अंकाचा तिसरा प्रवेश. इंग्लंडचा राजा एडवर्ड गंडमाळेच्या रोग्यांना बरं करतो, गळ्यात सोन्याचं नाणं घालतो, प्रार्थना म्हणतो. ही नाटकातली पवित्र जादू. चेटकिणींवर दहा पानं लिहून हिच्यावर एक ओळही नसेल तर परीक्षक विचारणारच.

‘शापित नाटक’, म्हणजे या नाटकाला शाप आहे ही नाटकवाल्यांतली समजूत, या विषयावर लिहायचं असेल तर जपून. पहिल्याच प्रयोगात हॅल बेरिज नावाचा मुलगा मेला ही कथा मॅक्स बीरबोमने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रचली. न्यूयॉर्कच्या ॲस्टर प्लेसची १० मे १८४९ची दंगल मात्र खरी. त्यात वीसहून जास्त माणसं गेली, पण ‘मॅकबेथ’च्या प्रयोगावेळी झाली तरी ती दोन नटांच्या चाहत्यांच्या वैरातून पेटली होती.

प्रयोगाकडे वळताना आधी कानाचं काम. बाकी पात्रं बहुतेक वेळा दहा अक्षरी चालीत बोलतात, तिघी सात-आठ अक्षरी, ठोक्याने सुरू होणाऱ्या यमकात. मराठीत सगळ्यांना एकाच गद्यात बोलायला लावलं की अर्धी जादू तिथेच गेली. त्या ‘सुंदर ते कुरूप’ म्हणतात आणि त्यांना भेटण्याआधीच मॅकबेथ त्याच दोन शब्दांनी प्रवेश करतो. भाषांतरात दोन्हीकडे तेच शब्द ठेवा, पर्यायी शब्द वापरून भाषा सजवू नका.

कढईच्या धुरासाठी ड्राय आइस वापरणार असाल तर तो उणे ७८ अंशांचा असतो. जाड हातमोजे घाला आणि घट्ट झाकणाच्या डब्यात कधीही ठेवू नका, डबा फुटतो. कढईत गरम पाण्याचं वेगळं भांडं बसवा आणि बर्फ जाळीच्या टोपलीतून सोडा, म्हणजे वर उचलून धूर थांबवता येतो. पाणी गार झालं की धूर मरतो, म्हणून ते प्रवेशाच्या अगदी आधी भरा. मध्यंतरात भरलेलं उपयोगाचं नाही. यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. आणि या प्रवेशातली तिन्ही दृश्यं, म्हणजे शिरस्त्राणातलं डोकं, रक्ताळलेलं मूल आणि मुकुट घातलेलं मूल, खालूनच वर येतात. तळघरात किंवा कढईमागे दबा धरून बसलेल्या नटाला आधी गरगरतं, मग वाक्य आठवत नाही. लहान मूल असेल तर आणखी लवकर. त्याला तिथे आधीपासून बसवू नका, विंगेतून ऐन वेळी आणा. खाली हवा खेळती ठेवता येत नसेल तर ड्राय आइस सोडून द्या आणि लाल दिव्यावर भागवा.