कुणाचं बोलणं दिवसभर डोक्यात फिरत राहतं? एक कागद घ्या

लग्नात काकू भेटतात, पंगतीत सगळ्यांसमोर विचारतात "काय रे, अजून पर्मनंट नाही का झालास?" आणि मग जेवण गोड लागत नाही, घरी येताना तेच, रात्री झोपताना पण तेच. अशा वेळी "पॉझिटिव्ह राहा" म्हणून काहीही होत नाही. त्यापेक्षा अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची पद्धत करून बघा. त्याने 1955 च्या आसपास ती मांडली, आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचार तपासून भावना सावरायची पद्धत) म्हणतात तिला, आणि आपल्याकडे मानसतज्ज्ञ कि. मो. फडक्यांनी ती मराठीत खूप सोपी करून सांगितलीय.

कागदावर तीन रकाने पाडा, घटना, विचार, परिणाम. घटना लिहिताना सीसीटीव्हीत जेवढं दिसलं असतं तेवढंच लिहायचं. "काकूंनी नोकरीबद्दल विचारलं" ही घटना, "काकूंनी अपमान केला" ही घटना नाही, तो आपण काढलेला अर्थ, तो मधल्या रकान्यात जाणार. परिणाम म्हणजे राग आला, जेवलो नाही, कुणाशी बोललो नाही वगैरे, ते पटकन होतं.

खरा वेळ मधल्या रकान्याला द्या. तिथे बहुतेक वेळा एखादा हट्ट लपलेला असतो, म्हणजे "लोकांनी मला मान दिलाच पाहिजे" किंवा "या वयात मी सेटल असायलाच हवं होतं, नाही म्हणजे मी फुकट". तो सापडेपर्यंत स्वतःला "मग काय झालं, त्यात एवढं काय" असं विचारत राहा. सापडला की त्याला तीन प्रश्न टाका: असा नियम कुठे आहे का, याला पुरावा काय, आणि असं धरून बसल्याने माझं काही भलं होतंय का. उत्तर डोक्यात नको, लिहूनच काढा.

उत्तर लिहिताना "मला काही फरक पडत नाही" असं मात्र लिहू नका कारण ते खोटं असतं आणि मनाला लगेच कळतं. "मान मिळाला असता तर आवडलं असतं, नाही मिळाला म्हणून वाईट वाटतंय, पण काकूंच्या एका प्रश्नावर माझी लायकी ठरत नाही" असं लिहा. एवढं करून वाईट वाटणं जाणार नाही आणि जायलाही नको, एलिसचं म्हणणं हेच की वाईट वाटणं ठीक आहे, खचून जाणं टाळता येतं. मला त्याची ही गोष्ट सगळ्यात पटते.

नुसतं लिहून भागत नाही, प्रत्यक्ष करून बघावं लागतं. एलिसला तरुणपणी मुलींशी बोलायची प्रचंड भीती, तर एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर जाऊन बसायचा आणि शंभरेक अनोळखी बायकांशी स्वतःहून बोलला, त्यातून जमलं काहीच नाही पण भीती गेली, असं तो स्वतः सांगायचा. तुम्हीही पुढच्या कार्याला काकूंना टाळू नका, आपणहून जाऊन गप्पा मारा.

बॉस शिवीगाळ करतोय, पगार अडकवलाय, तिथे या कागदाने मन शांत करायचं आणि मग तक्रार करायचीच, गप्प बसण्यासाठी ही पद्धत नाहीये. आणि दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही असं असेल तर एकट्याने कागद घेऊन बसू नका, डॉक्टरांना भेटा किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 ला फोन लावा, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं.