बीटा टेस्ट घेताय? या चुका टाळा

आमच्या छोट्या स्टुडिओच्या पहिल्या मोबाईल गेमची बीटा, म्हणजे रिलीजआधी बाहेरच्या खेळाडूंकडून घेतलेली चाचणी, सुरू झाली आणि तासाभरातच पुण्यात नऱ्ह्याला हॉस्टेलवर राहणाऱ्या एका मुलाचा स्क्रीनशॉट आला. लढाई जिंकल्यावर सोनेरी अक्षरांत 'विजय' यायला हवं होतं. त्याच्या स्क्रीनवर आलं होतं 'वजिय'.

कारण अगदी साधं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत, 'वि' साठवताना आधी व आणि मग वेलांटी साठवतात. दाखवताना ती वेलांटी व च्या आधी आणावी लागते. आम्ही गेम युनिटी या सॉफ्टवेअरवर बनवत होतो, आणि त्यातल्या अक्षरं दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोला ते जमत नव्हतं. आलं त्या क्रमाने त्याने अक्षरं मांडली, आणि वेलांटी ज ला जाऊन चिकटली. ऑफिसात आम्ही सगळे इंग्रजी मेनूवरच खेळत होतो, त्यामुळे हे कुणाच्याच नजरेस पडलं नाही. रिलीजला सहा दिवस राहिले होते. आम्ही मराठी काढून टाकली आणि गेम इंग्रजीतच सोडला. त्या मुलाला साधं उत्तरही दिलं नाही, याची मला आजही खंत आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक: बीटा उशिरा काढणं

रिलीजच्या तोंडावर काढलेली बीटा म्हणजे फक्त जाहिरात. मोठ्या कंपन्याही यात अडकतात. 'बॅटलफिल्ड २०४२'ची ओपन (सगळ्यांसाठी खुली) बीटा ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली आणि गेम १९ नोव्हेंबरला बाजारात आला. बीटातली आवृत्तीही काही महिने जुनी होती. एवढ्या थोड्या दिवसांत खेळाडूंचं म्हणणं ऐकून मुळातलं काही बदलायला वाव उरत नाही. उलट 'बाल्डर्स गेट ३'चा फक्त पहिला अंक ऑक्टोबर २०२० मध्ये अर्ली ॲक्सेसला, म्हणजे गेम पुरा होण्याआधीच विक्रीला, आला आणि पूर्ण गेम ऑगस्ट २०२३ मध्ये. लोकांनी पैसे मोजून अर्धवट गेम खेळला, पण त्यांच्या बोलण्याला वेळ मिळाला.

आपल्याला तीन वर्षं परवडणार नाहीत, हे मान्य. पण गूगल प्लेवर गेम टाकणाऱ्यांच्या नव्या वैयक्तिक खात्यांना क्लोज्ड टेस्टसाठी (ठरावीक लोकांपुरत्या चाचणीसाठी) १२ जण सलग १४ दिवस लागतात, म्हणून तेवढ्यावरच थांबू नका. ते १४ दिवस परवानगीसाठी आहेत, दुरुस्तीचे दिवस वेगळे धरा. माझ्या मते छोट्या गेमलाही बीटा आणि रिलीज यांत निदान दोन महिने हवेत.

'गेम हँग होतोय' एवढंच कळतंय?

मग चूक खेळाडूची नाही, आपण त्याला सांगायची सोय दिलेली नाही. गेमबाहेर लांबलचक फॉर्म ठेवला, तर तो कुणी भरत नाही. पॉज मेनूतच 'अडचण सांगा' असं बटण द्या. फोनचं मॉडेल, गेमची आवृत्ती, स्क्रीनशॉट आणि शेवटच्या काही मिनिटांचा लॉग (गेममध्ये काय घडलं त्याची नोंद) आपोआप जोडला जाऊ द्या, आणि काय काय पाठवतोय ते तिथेच लिहा. खेळाडूला एकच विचारा: नेमकं काय करत होतात? मराठीत लिहिलं तरी चालेल, हेही सांगा. आम्ही एवढा बदल केला आणि 'आवाज येत नाही' या तक्रारीच्या जागी 'आईचा फोन आला, कट केला, परत आलो तर आवाज गायब' असं यायला लागलं. कॉल संपल्यावर फोनकडून आवाजाचा ताबा परत घ्यायचा राहिला होता. अर्ध्या दिवसात काम झालं.

बाणेरच्या एसी ऑफिसात, फायबरवर, नव्याकोऱ्या फोनवर सगळंच छान चालतं. तीन जीबी रॅमचा जुना फोन घ्या आणि एप्रिलच्या दुपारी सलग अर्धा तास खेळा. फोन तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि पंधराव्या मिनिटाला फ्रेम का घसरल्या, म्हणजे चित्र का अडखळायला लागलं, ते कळतं. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट भुयारी मेट्रोत मॅच सुरू करून बघा. घरच्या वायफायवरून मोबाईल डेटावर जाताना आयपी पत्ता, म्हणजे फोनचा इंटरनेटवरचा पत्ता, बदलतो. सर्व्हरने खेळाडूला तेवढ्यासाठी बाहेर काढू नये, टोकनवरून (लॉगिन करताना दिलेल्या ओळखखुणेवरून) ओळखून परत मॅचमध्ये घ्यावं. सर्व्हर मुंबईत ठेवता येत असताना सिंगापूरला ठेवून पिंगच्या (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणाऱ्या वेळेच्या) तक्रारी ओढवून घेऊ नका.

प्रगती पुसली जाणार असेल, तर ते पहिल्याच स्क्रीनवर ठळक लिहा. महिनाभर रात्री जागून मिळवलेली तलवार न सांगता गेली, तर तो खेळाडू परत येत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. बीटात पैसे घेतले असतील, तर विकत घेतलेल्या वस्तू पूर्ण गेममध्ये परत द्या.

माहीत असलेल्या अडचणींची यादी गेममध्येच ठेवा आणि दर आठवड्याला त्यातलं काय सुटलं ते लिहा. प्रत्येक तक्रारीला निदान एक ओळ उत्तर द्या. परवानगी घेऊन श्रेयनामावलीत बीटा खेळाडूंची नावं द्या. घरचं इंटरनेट, स्वतःचा फोन आणि स्वतःचा वेळ वापरून ही माणसं आपलं काम करत असतात.

दुसऱ्या गेमच्या वेळी आम्ही मराठी मजकुराची मांडणी नव्याने बसवली आणि पहिलं आमंत्रण नऱ्ह्याच्या त्या मुलाला पाठवलं, उशिरा का होईना, माफी मागून. संध्याकाळी त्याचा स्क्रीनशॉट आला. 'विजय' नीट दिसत होतं. खाली त्याने लिहिलं होतं, "दादा, 'युद्ध'मधलं जोडाक्षर अजून तुटतंय." या वेळी रिलीजला नऊ आठवडे होते.