ॲप्लिकेशन सर्व्हर का बदलतात : रत्नागिरीतील पहिल्या नोकरीचा अनुभव

2014 मध्ये रत्नागिरीतील एका पतसंस्थेच्या संगणक विभागात मी रुजू झाले, तेव्हा तिथे ग्लासफिश 3 या ॲप्लिकेशन सर्व्हरवरून, म्हणजे जावात लिहिलेले प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून, जेबॉस ईएपी 6 या दुसऱ्या सर्व्हरवर जाण्याची तयारी चालली होती. ठेवीदारांच्या पैशांचा हिशेब सांभाळणारी, सुरळीत चाललेली यंत्रणा कोणी मुद्दाम का हलवावी, हे मला कळत नव्हते. वेग वाढवण्यासाठी सर्व्हर बदलतात असा माझा समज होता. पण वेगाचा विषय आमच्या बैठकीत निघालासुद्धा नाही.

खरे कारण होते सपोर्टचे. 2010 मध्ये ओरॅकलने ग्लासफिश बनवणारी सन ही कंपनी घेतली, तिच्याबरोबर ग्लासफिशही गेला, आणि नोव्हेंबर 2013 मध्ये त्याची पुढची व्यावसायिक आवृत्ती निघणार नसल्याचे जाहीर झाले. खुली आवृत्ती चालू राहणार होती. परंतु सुरक्षेतील त्रुटी दुरुस्त करून देण्यास करारान्वये बांधील असा कोणी असावा, अशी आमच्या संस्थेची अट होती आणि मला ती आजही रास्त वाटते. इतरत्र परवान्याचा खर्च हे कारण असते, कारण प्रोसेसरच्या हिशेबाने परवाना घेतलेला असला की यंत्र मोठे करताच बिलही वाढते. ज्यांचे काम केवळ सर्व्हलेटवर, म्हणजे ब्राउझरच्या विनंतीला उत्तर देणाऱ्या जावाच्या छोट्या प्रोग्रॅमवर भागते, ते टॉमकॅट या हलक्या सर्व्हरकडे वळतात. असे सर्व्हर ज्या जावा ईई या सामाईक मानकाला धरून बनतात, त्याचे नाव पुढे जकार्ता ईई झाले. डिसेंबर 2020 मधील जकार्ता ईई 9 पासून त्यातील पॅकेजची (कोडच्या गटांची) नावे ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ने सुरू होऊ लागली, त्यामुळे नव्या लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) हव्या असणाऱ्यांना जुने सर्व्हर सोडावेच लागले.

आमचे दोन्ही सर्व्हर जावा ईई 6 याच मानकाचे होते, म्हणून काम आठवड्याभरात उरकेल असे मी धरून चालले होते. डेटासोर्सच्या (डेटाबेसशी जोडणीच्या) नावांचा घोळ एका दिवसात सुटला. अडलो ते कर्जखात्याच्या पानावर. कर्जदाराचे नाव दिसे आणि हप्त्यांच्या तक्त्याच्या जागी त्रुटीचा संदेश येई. ग्लासफिशमध्ये डेटाबेसमधून माहिती आणण्या-ठेवण्याचे काम मुळात एक्लिप्सलिंक ही लायब्ररी करते, तर जेबॉसमध्ये हायबरनेट. डेटाबेसवरचा व्यवहार (एकत्र पार पडणाऱ्या कामांचा गट) संपल्यावरही मागाहून हप्ते आणून देण्याची सवलत एक्लिप्सलिंक देत होते आणि आमचा कोड नकळत तिच्यावर विसंबून होता. हायबरनेटने डेटाबेसशी चाललेले सत्र बंद होताच नकार दिला. मग हप्ते व्यवहार चालू असतानाच मागवून घेणारी क्वेरी (डेटाबेसला विचारलेली मागणी) लिहावी लागली, आणि अशा जागा शोधण्यातच पाऊण महिना गेला.

म्हणून नव्याने येणाऱ्यांनी आपला कोड मानकाच्या आधारावर कुठे उभा आहे आणि सर्व्हरच्या सवयीवर कुठे, हे आधी तपासावे. लॉग (सर्व्हरने लिहिलेल्या नोंदी) वाचताना पहिल्या ओळीवर न थांबता सगळ्यात खालचे ‘कॉज्ड बाय’, म्हणजे त्रुटीचे कारण सांगणारी ओळ, गाठावे. मूळ दोष बहुधा तिथेच सापडतो.

गणपतीत चाकरमानी गावी येतात आणि काउंटरवर पैसे काढणाऱ्यांची रांग लागते, म्हणून बदलासाठी अनंत चतुर्दशीनंतरचा शनिवार निवडला. जुना सर्व्हर बाजूला तसाच ठेवला होता. सप्टेंबरअखेरचे सहामाही व्याज दोन्हींवर काढून प्रत्येक खाते पैशापर्यंत जुळल्यावरच तो बंद केला.