सीगिटमध्ये कोड रंगवा, पण ओळींचे आकडे घसरू देऊ नका

सांगलीत विश्रामबागेत आमचं चार खुर्च्यांचं ऑफिस आहे. हळद-बेदाण्याच्या अडत्यांना हिशोबपट्टीची सॉफ्टवेअर करून देतो. सगळा कोड एका जुन्या डेबियन (लिनक्स) मशीनवर गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. २०१९ च्या महापुरानंतर ते मशीन वरच्या मजल्यावर गेलं ते तिथंच आहे. ब्राउझरमधून कोड बघायला सीगिट. ‘गिटलॅब टाका, सगळं आयतं मिळेल’ म्हणणारे भेटतात. त्यांनी दोन जीबी रॅमच्या डब्यावर ते एकदा चालवून दाखवावं. सीगिट सी भाषेत लिहिलंय, हलकं आहे, पटकन उघडतं. फक्त मूळ अवस्थेत कोड काळा-पांढरा दिसतो.

सीगिट चालू आहे असं धरून पुढं जातो.

अ‍ॅप्टनं (डेबियनवर सॉफ्टवेअर घालायची कमांड) हायलाइट नावाचं कोड रंगवणारं पॅकेज घाला. सीगिटबरोबर फिल्टरांचं, म्हणजे पानावर जाण्याआधी मजकुरावर काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचं, एक फोल्डर येतं, त्यात सिंटॅक्स-हायलाइटिंग नावाच्या दोन फाइली असतात. शेलमधली हायलाइट वापरते, पायथनमधली पिग्मेंट्स ही त्याच कामाची लायब्ररी. शेलचीच घ्या. प्रत्येक पानाला फिल्टर नव्यानं सुरू होतो आणि जुन्या मशीनवर पायथन उठून बसेपर्यंत माणूस चहा टाकून येतो. (कॅश, म्हणजे तयार पानं साठवून ठेवायची सोय, चालू असेल तर एवढं जाणवत नाही, पण कॅशची वेगळी कथा आहे, ती पुढं येईलच.) ‘पानाच्या डोक्यात जावास्क्रिप्टची लायब्ररी घाला, झालं काम’ हा सल्ला मात्र सोडून द्या. फिल्टरला सीगिट फाइलचं नाव आणि मजकूर दोन्ही देतं, त्यामुळं भाषा ओळखताना अंदाजपंचे दाहोदरसे होत नाही.

शेलची फाइल उघडून शेवट बघा. तिथं दोन ओळी असतात, एक हायलाइटच्या आवृत्ती दोनसाठी, दुसरी तीनसाठी. मूळ फाइलमध्ये दोनची चालू आणि तीनची कॉमेंट केलेली असते. ती अदलाबदल करा. पान कोरं आलं तर आधी इथंच बघा, कारण एरर त्याच ओळीत डेव्ह-नलमध्ये, म्हणजे थेट कचऱ्यात, फेकलेली असते आणि लॉगमध्ये काहीच सापडत नाही. फाइलला चालवायची परवानगी हवी. सगळ्या फोल्डरला ७७७ (कुणीही काहीही करावं अशी परवानगी) देऊन मोकळं व्हा असं कुणी सांगितलं तर त्याला तुमच्या सर्व्हरजवळ येऊ देऊ नका.

आता सीगिटच्या कॉन्फिग फाइलमध्ये सोर्स-फिल्टरची ओळ लिहून या फाइलचा पूर्ण पत्ता द्या. ही ओळ स्कॅन-पाथच्या, म्हणजे रिपॉझिटरी (एकेका प्रकल्पाचा कोड) कुठं शोधायच्या ते सांगणाऱ्या ओळीच्या वर असली पाहिजे. सीगिट फाइल वरून खाली वाचतं आणि रिपॉझिटरी सापडली की त्या क्षणापर्यंतच्या सेटिंग्ज तिला चिकटवतं. खाली लिहिलेलं तिच्यापर्यंत पोचतच नाही, आणि एररही येत नाही. रिपॉझिटरी एकेक करून लिहिल्या असतील तरी हाच नियम.

कॅश चालू असेल तर कॅशच्या फोल्डरमधलं सगळं पुसा. ठरावीक कमिटची (गिटमध्ये नोंदवलेल्या एका बदलाची) पानं सीगिट मुळात कायमची साठवून ठेवतं. जुनं पान आपोआप जाईल म्हणून मी एकदा अख्खी दुपार वाट बघत बसलो होतो.

रंग कोणते द्यायचे ते शेलच्या फाइलमध्येच वरच्या कॉमेंटमध्ये दिलेलं असतं. ते सीगिटच्या सीएसएस फाइलच्या (पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या) तळाशी चिकटवा. कॉमेंटचा तिरका टाइप तेवढा काढून टाका. देवनागरी अक्षरं ब्राउझर ओढूनताणून तिरकी करतो आणि वाचताना डोळे दुखतात.

इथवर अर्धा तास. बहुतेक लोक इथंच थांबतात, मीही थांबलो होतो.

महिन्याभरानं एका अडत्याच्या पट्टीत हमाली दोनदा वजा व्हायला लागली. मी बाहेरगावी होतो. फोनवरच सीगिट उघडलं, चूक सापडली, डावीकडचा आकडा बघितला आणि ऑफिसातल्या पोराला सांगितलं, ‘२१४ नंबरची ओळ काढ.’ दहा मिनिटांनी त्याचा फोन, ‘दादा, काढली.’ संध्याकाळी हमाली तशीच दोनदा, आणि तोलाई गायब! त्यानं एडिटरमधली २१४ वी ओळ काढली होती, सांगितली तीच. माझ्या स्क्रीनवर २१४ च्या शेजारी जी ओळ दिसत होती, ती खरी २११ वी होती.

कारण असं. सीगिट ओळींचे आकडे एका रकान्यात छापतं आणि कोड शेजारच्या रकान्यात. दोघांना बांधून ठेवणारं मध्ये काही नाही. दोन्हीकडच्या ओळींची उंची सारखी असेल तरच आकडा आपल्या ओळीसमोर राहतो. आमच्या कोडमध्ये जागोजागी मराठी कॉमेंट आहेत, ‘हमाली वजा, तोलाई नंतर’ अशा. कोडच्या फाँटमध्ये देवनागरी नसते, म्हणून ब्राउझर तेवढ्यापुरता दुसरा फाँट आणतो. त्याच्या वेलांट्या-उकारांना जागा जास्त लागते, म्हणून ती ओळ दोन-चार पिक्सेलनं उंच होते. आकड्यांच्या रकान्यात देवनागरी नाही, तिथली ओळ तेवढीच राहते. वीस-पंचवीस मराठी कॉमेंट झाल्या की आकडे दोन-तीन ओळी मागं-पुढं. रंग नव्हते तेव्हाही हे होतच असणार. पण तेव्हा ब्राउझरमध्ये बसून कोड वाचत कोण होतं?

उपाय सीएसएसमध्ये आहे, आणि तो अर्धवट केला तर फसतो. मी आधी फक्त कोडच्या रकान्यातल्या प्री टॅगला ओळीची उंची दिली. मोठा फरक गेला, केसभर उरला, आणि तीनशे ओळींत तो केस चांगला दोरखंड झाला. कोडच्या बाजूला प्रीच्या आत एक कोड टॅगही असतो, आकड्यांच्या बाजूला नसतो. दोन टॅगचे फाँट किंवा अक्षरांचं माप वेगळं असेल तर त्यांची बैठक जुळत नाही आणि प्रत्येक ओळ अर्धा-एक पिक्सेल फुगते. म्हणून दोन्ही रकान्यांतल्या प्रीला, आणि आतल्या कोड टॅगलाही, तोच फाँट, तेच माप आणि तीच उंची द्या. अक्षर १४ पिक्सेल, ओळ २२ पिक्सेल. उंची पिक्सेलमध्येच लिहा. ‘नॉर्मल’ ठेवली तर परत पहिले पाढे पंचावन्न. आणि १८ वर आणायचा मोह आवरा, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेत जाऊन बसतो.

तुमच्याकडं आकडे घसरतच असतील तर आधी फाइलचा वरचा आणि खालचा भाग ताडून बघा. खाली जाताना फरक वाढत गेला तर गडबड उंचीची. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत फरक तेवढाच राहिला तर उंचीला हात लावू नका. तुम्ही बहुधा पिग्मेंट्स वापरताय, आणि फाइलच्या सुरुवातीला कोऱ्या ओळी आहेत. पिग्मेंट्स त्या गिळून टाकतं. त्याच्या लेक्सरला (कोड वाचून त्याचे तुकडे पाडणाऱ्या भागाला) स्ट्रिप-एनएल हा पर्याय फॉल्स करून द्या.

स्वतःचा फिल्टर लिहिणाऱ्यांना एकच ताकीद. त्यातून बाहेर येणारा मजकूर सीगिट जसाच्या तसा पानात टाकतं. कोडमधली टोकदार कंसाची चिन्हं तुम्ही बदलून दिली नाहीत, तर कुणाच्याही फाइलमधली स्क्रिप्ट तुमच्या ब्राउझरमध्ये चालेल.

शेवटी तीनशे ओळींची एक खोटी फाइल करा. दर चौथ्या ओळीला मराठी कॉमेंट घाला, त्यात ‘श्रू’, ‘र्‍हा’, ‘ट्ठी’ अशी उंच-खोल अक्षरं येऊ द्या, आणि शेवटच्या ओळीत ‘तीनशे’ लिहा. सीगिटमध्ये उघडून तळाशी जा. ब्राउझरनं सीएसएस धरून ठेवलेलं असतं, म्हणून कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून मगच बघा. ३०० समोर ‘तीनशे’ आलं की तीच फाइल मोबाइलवरही उघडा. अँड्रॉइडवरचा देवनागरी फाँट वेगळा असतो, आणि माझी २१४ मोबाइलवरच चुकली होती.