घरच्या जलतरण तलावासाठी मिठाचा क्लोरिनेटर निवडताना

मिठाचा तलाव म्हणजे क्लोरीन नसलेला तलाव, असा समज घेऊन पुष्कळ जण दुकानात जातात. प्रत्यक्षात हे यंत्र क्लोरीन टाळत नाही, तर जागच्या जागी तयार करते. रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा मुलामा दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांच्या संचातून, म्हणजे सेलमधून, खारे पाणी जात असताना वीज सोडली की मिठातील क्लोराइडचे क्लोरीन होते, ते पाणी निर्जंतुक करते आणि काम झाल्यावर बरेचसे पुन्हा क्लोराइडमध्ये बदलते. त्यामुळे टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचे डबे सुटतात. देखरेख सुटत नाही.

खोक्यावर ‘५०,००० लिटरपर्यंत’ असे लिहिलेले असते, त्यावर विसंबू नये. यंत्र ताशी किती ग्रॅम क्लोरीन देते, हे विचारावे. समजा, तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल आहे. म्हणजे त्यात ४४,८०० लिटर पाणी मावते. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला ४ पीपीएम, म्हणजे हजार लिटरमागे ४ ग्रॅम क्लोरीन खर्ची पडते असे धरले, तर रोज सुमारे १८० ग्रॅम लागेल, आणि पंप आठ तास चालणार असेल तर ताशी साडेबावीस ग्रॅम. अशा तलावाला मी २५ ग्रॅमचे यंत्र घेणार नाही, ३० ते ३५ ग्रॅमचे घेईन. कारण कायम पूर्ण क्षमतेने राबणारा सेल लवकर झिजतो. तलाव शेतघरात असेल तर वीज खरोखर किती तास मिळते, ते पाहूनच हा भागाकार करावा.

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने तलाव भरणार असाल, तर पाण्याचा जडपणा आधी तपासून घ्यावा. जड पाण्यात काही आठवड्यांतच सेलच्या पट्ट्यांवर गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा थर बसतो आणि दोन पट्ट्यांमधली फट बुजत जाते. यासाठी विजेची दिशा ठरावीक वेळाने आपोआप उलटवणारे यंत्रच घ्यावे, आणि तो वेळ बदलता येतो का, हेही विचारावे. पारदर्शक आवरणाचा सेल असेल तर तो न उघडताही थर दिसतो. थर काढण्यासाठी उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात सौम्य केलेले ॲसिड वापरावे. ॲसिड पाण्यात ओतावे, पाणी ॲसिडमध्ये कधीही ओतू नये. सुरीने खरवडले तर थराबरोबर मुलामाही जातो, आणि यंत्रात महाग असते ते तेच.

बहुतेक यंत्रांना ३,००० ते ४,००० पीपीएम मीठ लागते. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ३५,००० असते. वरच्या तलावाला ३,५०० पीपीएमसाठी सुमारे १५७ किलो, म्हणजे पन्नास किलोची तीन पोती आणि वर थोडे, बिनआयोडीनचे शुद्ध मीठ पुरते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात मात्र तलाव भरून वाहतो आणि पाण्याबरोबर मीठही जाते. या तलावात ५०० पीपीएमची तूट म्हणजे सुमारे २२ किलो मीठ. मीठ कमी पडले की सेलवर ताण येतो, म्हणून मिठाचे प्रमाण आकड्यांत दाखवणारे आणि ते घसरल्यास स्वतःहून बंद होणारे यंत्र निवडावे. नुसता लाल-हिरवा दिवा दाखवणारे स्वस्त यंत्र जुलैत डोकेदुखी ठरते.

फ्लो स्विच, म्हणजे पाणी वाहायचे थांबताच सेलची वीज तोडणारा स्विच, नसलेले यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये. सेलमध्ये क्लोरीनबरोबर हायड्रोजन वायूही तयार होतो. पाणी थांबले आणि वीज चालूच राहिली, तर तो आतच साठून स्फोटाचा धोका निर्माण होतो. सेल फिल्टरच्या पुढे, पाणी तलावात परतण्याच्या वाटेवर बसवावा. या यंत्रामुळे पाण्याचा पीएच वर सरकत राहतो, तो ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान ठेवण्यासाठी दर आठवड्याला तपासणी आणि लागेल तसे ॲसिड यांची तयारी हवी. उघड्या तलावात क्लोरीनला उन्हापासून वाचवणारे सायन्युरिक ॲसिड नसेल, तर दिवसभर तयार झालेले क्लोरीन ऊनच खाऊन टाकते.

वॉरंटी वर्षांत सांगतात, पण सेलचे आयुष्य तासांत मोजावे. ते साधारण ८,००० ते १०,००० तास असते. सुटा सेल कितीला आणि किती दिवसांत मिळेल, हे बिल करण्यापूर्वीच लिहून घ्यावे.

दोन गोष्टी यंत्राबाहेरच्या आहेत. काठाला शहाबादी फरशी असेल तर ती चुनखडीची असल्याने खारे पाणी मुरून तिचे पापुद्रे निघू शकतात. काळ्या बेसाल्टला हा त्रास फारसा नाही. आणि फिल्टरच्या बॅकवॉशचे, म्हणजे तो उलट्या प्रवाहाने धुतल्याचे, पाणी उसाच्या सरीत सोडू नये. शिरोळकडच्या क्षारपड जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही.